'एव्हिएट' : एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थ व उगम

इंग्रजीच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकांत उडण्याच्या क्रियेसाठी 'फ्लाय' हे क्रियापद येते, आणि प्राथमिक शाळेच्या गरजेपुरते ते पुरेसे आहे. तथापि वरच्या वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी शब्दकोश चाळता चाळता 'एव्हिएट' या क्रियापदाशी येऊन थांबतो. अर्थाच्या जागी 'विमान चालविणे, विमानातून उडणे' असे लिहिलेले असते. विद्यार्थी शिक्षकांपुढे दोन प्रश्न ठेवतो. 'फ्लाय' असताना हा दुसरा शब्द कशासाठी? आणि हा शब्द आला कोठून?

दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी शिक्षकांची खरी कसोटी लागते. 'एव्हिएट'मधील 'व्हि' आणि 'विमान'मधील 'वि' यांचे साम्य कानाला तत्काळ जाणवते, आणि दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत असे सांगून मोकळे होण्याचा मोह होतो. ते उत्तर सोपे आहे, विद्यार्थ्याला आवडणारेही आहे. परंतु ते चुकीचे आहे. मौज अशी की, या चुकीच्या उत्तराच्या अगदी शेजारी इंग्रजी व संस्कृत यांचे एक खरेखुरे नाते उभे आहे. खोटे नाते कोणते व खरे कोणते, हे पारखावे कसे, याचा एक चांगला पाठ या एका क्रियापदात मिळतो.

प्रथम अर्थाचा विचार करू जाता असे दिसते की, 'फ्लाय' हा शब्द फार व्यापक आहे. पाखरू उडते, पतंग उडतो, वाऱ्याने धूळ उडते, प्रवासी मुंबईहून नागपूरला विमानाने जातो. या सर्व ठिकाणी 'फ्लाय' चालते. 'एव्हिएट'चे क्षेत्र मात्र अगदी आखूड आहे. मनुष्याने यंत्राच्या साहाय्याने हवेत उडणे, विशेषतः विमान स्वतः हाताळून ते हवेत राखणे, एवढाच त्याचा अर्थ. चिमणी 'एव्हिएट' करीत नाही, आणि विमानात बसून झोप काढणारा प्रवासीही करीत नाही. ती क्रिया वैमानिकाची. उच्चार करताना पहिल्या 'ए'वर आघात द्यावा. भूतकाळी 'एव्हिएटेड' असे नियमित रूप होते. 'फ्लाय'चे मात्र भूतकाळी 'फ्लू' आणि भूतकालवाचक धातुसाधित 'फ्लोन' अशी अनियमित रूपे होतात. अनियमित रूपे बहुधा भाषेतील जुन्या, नित्य वापरातल्या क्रियापदांचीच आढळतात. नवीन घडविलेली क्रियापदे नियमाने चालतात. म्हणजे रूपांकडे पाहूनही 'फ्लाय' हा घरातला वडीलधारा शब्द व 'एव्हिएट' हा अलीकडे आलेला, हे ध्यानात येते.

तो किती अलीकडचा, हे पाहण्यासाठी फ्रान्सच्या इतिहासात शिरावे लागते. २१ नोव्हेंबर १७८३ रोजी पिलात्र द रोझिए व मार्क्विस दार्लांद हे दोघे माँगोल्फिए बंधूंनी तयार केलेल्या तप्त हवेच्या फुग्यातून पॅरिसवर उडाले. बांधून न ठेवलेल्या फुग्यातून झालेले माणसाचे ते पहिले उड्डाण होय. फुगा हवेहून हलका असतो, म्हणून तो वर चढतो. परंतु तो वाऱ्याच्या हाती असतो. वारा नेईल तिकडे जाणे, याला उडणे म्हणावे की वाहत जाणे म्हणावे, असा प्रश्न पुढील पिढ्यांतील विचारवंतांना पडू लागला. पक्षी हवेहून जड असतो, तरी तो पंखांच्या बळावर हव्या त्या दिशेला जातो. मनुष्यानेही हवेहून जड अशा यंत्रानेच उडावे, असे मानणारा एक पक्ष फ्रान्समध्ये उदयास आला.

या पक्षाचे तीन प्रमुख पुरुष होते : प्रसिद्ध छायाचित्रकार नादार, पाँतों दामेकूर नावाचा सरदार, आणि गाब्रिएल द ला लांदेल. ला लांदेल हा पूर्वी नौदलात अधिकारी होता व पुढे सागरी जीवनावरील कथा लिहून त्याने नाव मिळविले होते. १८६३ साली या तिघांनी हवेहून जड यंत्रांच्या पुरस्कारासाठी एक मंडळ स्थापन केले. मंडळाला द्रव्य हवे होते. ते मिळविण्यासाठी नादारने एक प्रचंड फुगाच बांधून उडविला, हा त्या इतिहासातील विनोद आहे. त्याच १८६३ साली ला लांदेलने फुग्याविना उडण्याच्या विद्येवर पुस्तक लिहिले आणि त्या विद्येला नाव दिले 'आव्हियासियों'. लॅटिन भाषेत पक्ष्याला 'आव्हिस' म्हणतात. त्यापासून हा शब्द बनविला. फुग्याची विद्या वेगळी आणि पक्ष्यासारखी उडण्याची विद्या वेगळी, हे त्या नावातच सांगितले गेले. अल्पावधीतच तो शब्द इंग्रजीत आला व त्याचा 'एव्हिएशन' असा उच्चार रूढ झाला.

येथे शिक्षकांनी सालांकडे लक्ष द्यावे. अमेरिकेतील राइट बंधूंचे यंत्र किटी हॉक गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांत प्रथम उडाले ते १७ डिसेंबर १९०३ रोजी. ऑर्व्हिल राइटने केलेले ते पहिले उड्डाण १२ सेकंदांचे व १२० फुटांचे होते. म्हणजे विद्येचे नाव ठरले, त्यानंतर चाळीस वर्षांनी ती विद्या हाती आली. सामान्यतः वस्तू आधी जन्मते व तिचे बारसे नंतर होते. येथे पाळणा रिकामा असतानाच बारसे झाले होते.

नाम तर झाले. परंतु क्रियापद कसे झाले? लॅटिनमध्ये 'उडणे' यासाठी 'व्होलारे' असे निराळे क्रियापद आहे. 'आव्हिस'पासून बनलेले उडण्याचे क्रियापद त्या भाषेत नव्हते. 'नॅव्हिगेशन' या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. 'नाव्हिस' म्हणजे नाव आणि 'आगेरे' म्हणजे हाकणे, यांपासून नाव हाकण्याचे क्रियापद लॅटिनमध्ये प्राचीन काळापासून होते व 'नॅव्हिगेट' हे त्याचेच इंग्रजी रूप आहे. (मराठी 'नाव' व संस्कृत 'नौ' हे या 'नाव्हिस'चे सख्खे नातलग होत.) इंग्रजी बोलणाऱ्यांच्या मनात 'नॅव्हिगेशन'च्या जोडीला 'नॅव्हिगेट', 'एज्युकेशन'च्या जोडीला 'एज्युकेट' अशा जोड्या ठसलेल्या होत्या. तेव्हा 'एव्हिएशन' असेल तर 'एव्हिएट'ही असलेच पाहिजे, अशा अनुमानाने १८८७ च्या सुमारास हे क्रियापद इंग्रजीत अवतरले. म्हणजे हे क्रियापदही पहिल्या विमानाच्या आधीचेच आहे.

क्रियापदापासून नाम व्हावे हा नेहमीचा क्रम. येथे नामातून क्रियापद निघाले, ते नामाचे शेपूट कापून. अशा शब्दघटनेला उलट दिशेची घडण म्हणता येईल. इंग्रजीत तिची उदाहरणे पुष्कळ आहेत. 'एडिटर' हा शब्द आधीचा, 'एडिट' हे क्रियापद नंतरचे. 'डोनेशन' आधी, 'डोनेट' मागून. 'टेलिव्हिजन'वरून 'टेलिव्हाइज' हे क्रियापद तर विसाव्या शतकात बनले.

ही घडण केवळ इंग्रजांची आहे असे मात्र समजू नये. वेदातील 'असुर' हा शब्द मुळात अखंड आहे. बलवान, प्रभू असा त्याचा अर्थ असून तो वरुणासारख्या देवालाही लावलेला आढळतो. पुढे त्याचा अर्थ पालटला, आरंभीचा 'अ' हा नकाराचा आहे अशी समजूत झाली, आणि तो काढून टाकून देव या अर्थी 'सुर' हा नवा शब्द तयार झाला. तसेच 'विधवा' या शब्दाचे. लॅटिन 'व्हिदुआ' व इंग्रजी 'विडो' हे त्याचे भाऊबंद पाहिले असता, 'विधवा' हा पूर्वापार चालत आलेला अखंड शब्द होय असे दिसते. तथापि त्यातील 'वि' हा उपसर्ग मानला गेला, उरलेल्या भागातून पती या अर्थी 'धव' निघाला, आणि त्या 'धव'वरून 'सधवा' हा शब्दही झाला. 'सुर' आणि 'सधवा' हे शब्द आज कोणी चुकीचे मानीत नाही. उगम गैरसमजातून झाला असला, तरी लोकांनी स्वीकारलेला शब्द भाषेचाच होतो. शिक्षकाचे काम त्याचा उगम जाणणे एवढेच आहे.

आता खऱ्या नात्याकडे वळावे. १७८६ साली सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेच्या मुली असाव्यात असे प्रतिपादन केले. पुढील विद्वानांनी त्यावर तुलनात्मक भाषाशास्त्राची इमारत उभारली. या शास्त्राप्रमाणे लॅटिन 'आव्हिस' याचा संस्कृतातील सगोत्र शब्द आहे 'वि'. 'वि' म्हणजे पक्षी. ऋग्वेदात तो या अर्थाने येतो, अमरकोशातही पक्ष्याच्या नावांत त्याची गणना केलेली आहे, आणि अवेस्ता या प्राचीन इराणी ग्रंथाच्या भाषेतही त्याचा जोडीदार सापडतो. तेव्हा 'एव्हिएट' या इंग्रजी क्रियापदाच्या पोटात बसलेला पक्षी भारतीयांच्या पूर्वपरिचयाचा आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु तो पक्षी 'विमान' या शब्दात शोधू नये. 'विमान'मधील 'वि' हा उपसर्ग आहे आणि पुढे 'मा' म्हणजे मोजणे हा धातू आहे. 'मान', 'परिमाण', 'प्रमाण' या शब्दांतही तोच धातू दिसतो. वेदात 'विमान' याचा अर्थ मोजणारा, आक्रमण करून जाणारा असा आहे. नंतर देवांचा आकाशगामी रथ, सात मजली प्रासाद, देवालयात गाभाऱ्यावर उभारलेले शिखर, असे अर्थ त्याला आले. रामायणातील पुष्पक विमान सर्वांच्या परिचयाचे आहे, आणि तुकोबारायांना नेण्यास वैकुंठाहून विमान आले ही श्रद्धा वारकऱ्यांच्या घरोघरी आहे. म्हणून नवे उडते यंत्र आले, तेव्हा मराठीला शब्द घडवावा लागला नाही. जुना शब्द वाट पाहत उभाच होता. फ्रेंचांनी नसलेल्या वस्तूला नवे नाव दिले, मराठीने नव्या वस्तूला जुने नाव दिले. दोन्ही शब्द आकाशात एकत्र आले. त्यांचे कुळ मात्र एक नव्हे.

येथे विद्यार्थी विचारील की, एक साम्य खरे व एक खोटे हे ठरवावयाचे कसे? त्याची कसोटी साधी आहे. शब्दाचा एखादा तुकडा कानाला सारखा वाटला म्हणजे नाते सिद्ध होत नाही. शब्द जेथे सुटा होतो तेथेच तो सोडवावा, प्रत्येक भागाचा अर्थ लावावा, जुन्या वाङ्मयात तो कोणत्या अर्थाने येतो ते पाहावे, आणि त्या दोन भाषांतील ध्वनींचा मेळ इतर शब्दांतही तसाच बसतो की नाही हे तपासावे. 'आव्हिस' व 'वि' या कसोटीस उतरतात. 'एव्हिएट' व 'विमान' उतरत नाहीत.

शब्द भलत्याच ठिकाणी तोडल्याचे एक उदाहरण खेड्यातील मुलांनाही ठाऊक असते. मंत्र्यांचे हेलिकॉप्टर उतरविण्यासाठी गावाबाहेर जी जागा तयार करतात, तिला 'हेलिपॅड' म्हणतात. 'हेलिकॉप्टर' या शब्दाचा जनक वर उल्लेखिलेला पाँतों दामेकूर होय. त्याने तो १८६१ साली बनविला. ग्रीक भाषेत 'हेलिक्स' म्हणजे मळसूत्र आणि 'प्टेरॉन' म्हणजे पंख. तेव्हा 'हेलिको' आणि 'प्टर' असे त्याचे दोन भाग पडतात. 'प्ट'ने आरंभ होणारा भाग इंग्रजी जिभेला वळेना, म्हणून लोकांनी 'हेलि' आणि 'कॉप्टर' असा तो तोडला व त्यापासून 'हेलिपॅड' आणि 'हेलिपोर्ट' असे शब्द निघाले. यातील 'प्टेरॉन' हा संस्कृत 'पत्' या धातूच्या गोत्राचा आहे. 'पत्' म्हणजे पडणे, तसेच उडणेही. 'पत्र' म्हणजे मुळात पंख, मग झाडाचे पान, मग लिहिलेले पत्र. इंग्रजी 'फेदर' म्हणजे पीस, हाही त्याच गोत्रातला. आणि साधा 'फ्लाय'? त्याचे नाते संस्कृत 'प्लु' या धातूशी आहे. 'प्लु' म्हणजे तरंगणे, पोहणे, उडी घेणे. 'प्लव' म्हणजे होडी. हवेत तरंगणे हाच 'फ्लाय'चा मूळ भाव होय.

'आव्हिस'ची इतर संतती पाहिली म्हणजे विद्यार्थ्यांचा शब्दसंग्रह सहज वाढतो. पक्षी पाळण्याचे मोठे जाळीघर ते 'एव्हियरी'. पक्ष्यांसंबंधीचे ते 'एव्हियन'. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांमध्ये ज्या रोगाची साथ आढळली, त्या 'बर्ड फ्लू'चे शास्त्रीय नाव 'एव्हियन इन्फ्लुएन्झा' असे आहे. रोमन लोक पक्ष्यांचे उडणे पाहून कार्याचा शुभाशुभ कौल घेत. 'आव्हिस' आणि पाहणे या अर्थाचा धातू मिळून झालेल्या शब्दातून इंग्रजी 'ऑस्पिशस' म्हणजे शुभशकुनी हा शब्द आला. मराठीतील 'शकुन' या शब्दाचा इतिहास अगदी असाच आहे. संस्कृतात 'शकुन' म्हणजे पक्षी. पक्ष्यावरून पाहावयाचे चिन्ह म्हणून पुढे तोच शब्द चिन्हाचा वाचक झाला. येथे शब्द निराळे, परंतु विचार एक. 'ऑस्पिशस'मधील पाहण्याचा धातू 'इन्स्पेक्टर' या शब्दातही आहे, ही गोष्ट वर्गात सांगताना शिक्षकांना थोडे हसू आल्यास नवल नाही.

शेवटी 'एव्हिएट'चे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. सामान्य व्यवहारात हे क्रियापद रुजले नाही. 'एव्हिएशन' व 'एव्हिएटर' ही नामे टिकली. क्रियेसाठी मात्र लोकांनी आपला जुना, आखूड 'फ्लाय'च पत्करला. बोलताना 'एव्हिएट' म्हणणारा मनुष्य इंग्रजांनाही काहीसा कृत्रिम वाटतो. तथापि एका ठिकाणी या शब्दाला मानाची जागा मिळाली. वैमानिकांना शिकविताना संकटसमयीच्या कर्तव्यांचा क्रम तीन शब्दांत सांगतात : 'एव्हिएट, नॅव्हिगेट, कम्युनिकेट'. प्रथम विमान हवेत सांभाळा. मग कोठे जावयाचे ते ठरवा. नंतर इतरांशी बोला. तिन्ही शब्दांच्या अंती एकच ध्वनी असल्याने हे सूत्र सहज पाठ होते, आणि तेथे 'फ्लाय' शोभत नाही.

या सूत्राची किंमत किती, हे २९ डिसेंबर १९७२ रोजी दिसून आले. न्यूयॉर्कहून मायामीस जाणारे ईस्टर्न एअर लाइन्सचे एक मोठे विमान रात्री उतरण्याच्या बेतात होते. पुढचे चाक खाली आले असे दर्शविणारा लहानसा दिवा लागेना. वैमानिक विमान २,००० फुटांवर ठेवून त्या दिव्याच्या मागे लागले. त्या गडबडीत उंची राखणारी स्वयंचलित योजना नकळत सुटली, विमान हळूहळू खाली येऊ लागले, आणि कोणाचे लक्ष गेले नाही. ते एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळले. विमानातील १७६ जणांपैकी १०१ जण प्राणास मुकले. चाक व्यवस्थित खाली आलेले होते. फक्त दिवा गेला होता. याउलट १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्क येथे पक्ष्यांच्या थव्याशी टक्कर होऊन एका विमानाच्या दोन्ही यंत्रांची शक्ती गेली, तेव्हा वैमानिकांनी प्रथम विमान ताब्यात राखले, मग जागा निवडली, जमिनीवरील नियंत्रकांशी मोजकेच शब्द बोलले आणि विमान हडसन नदीच्या पाण्यावर उतरविले. आतील १५५ जण वाचले. 'एव्हिएट' या शब्दाचा पूर्ण अर्थ शब्दकोशापेक्षा या दोन प्रसंगांत अधिक स्पष्ट होतो. केवळ उडणे एवढाच तो अर्थ नाही. हाती आलेले मुख्य काम क्षणभरही न सोडणे, हा त्याचा गाभा आहे.

वर्गात या शब्दाचा उपयोग पुढीलप्रमाणे करता येईल :

(१) फळ्यावर मध्यभागी पक्ष्याचे चित्र काढून 'आव्हिस'पासून आलेले इंग्रजी शब्द त्याच्या पंखांवर लिहावेत व प्रत्येकाचा मराठी अर्थ मुलांकडून काढून घ्यावा.

(२) 'एशन' अंती असलेली नामे व 'एट' अंती असलेली क्रियापदे यांच्या जोड्या मुलांनी जमवाव्यात. तसेच 'इन्फर्मेशन'पासून 'इन्फर्मेट' असे क्रियापद होत नाही, 'इन्फॉर्म' होते, हेही दाखवावे. म्हणजे अनुमान कोठे थांबवावे ते कळेल.

(३) 'विमान', 'परिमाण', 'प्रमाण' हे शब्द सोडवून घ्यावेत आणि मगच 'वि' या पक्ष्याची ओळख करून द्यावी. क्रम उलटा झाल्यास घोटाळा पक्का होतो.

(४) व्युत्पत्ती ठाऊक नसेल तेथे 'पाहून सांगतो' असे मोकळेपणाने म्हणावे व खरोखरच पाहून सांगावे. कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ साली प्रसिद्ध झालेला 'मराठी व्युत्पत्ति कोश' तालुक्याच्या ग्रंथालयात असल्यास तो एकदा मुलांच्या हाती द्यावा.

या चार सूचनांपैकी शेवटची सर्वांत महत्त्वाची आहे. गावातील मूल शिक्षकाचे वाक्य घरी जाऊन सांगते, आणि घर ते प्रमाण मानते. ऐकीव व्युत्पत्ती एकदा तोंडी बसली की पुढील चाळीस वर्षे ती पुसली जात नाही. याच्या उलट, शिक्षकाने एक दिवस थांबून, पुस्तक पाहून दिलेले उत्तर मुलाला शब्दापेक्षाही मोठी गोष्ट शिकविते. ज्ञान हे शोधून मिळते, हे त्याला कळते. दिव्याकडे पाहता पाहता विमान विसरू नये, तसेच वर्गाला चकित करण्याच्या भरात सत्य विसरू नये. ते सांभाळले म्हणजे पुढचे मार्ग मुले आपले आपण शोधतात.